दुमडलेली कड

१६ एप्रिल

ही डायरी बायकोच्या, म्हणजे अंजनाच्या, पतसंस्थेची. ती तिथं क्लार्क आहे. जानेवारीत आणून दिली तेव्हा म्हणाली होती, "माझ्यावर जे काय ओरडायचं असतं ते ह्यात लिवत जावा. मी वाचणार न्हाई." तेव्हा राग आला होता, म्हणून कोरीच ठेवली. आज लिहितोय, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

सकाळी दुकान उघडून बसलो. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कोरेगावात कॉम्प्युटर जोडून घेणारी माणसं महिन्याला बोटावर मोजण्याइतकी. फौजेत सिग्नलला होतो तेव्हा बसायला वेळ नसायचा, आता बसण्याशिवाय काम नाही. काउंटर दोनदा पुसून झाला होता, तेवढ्यात रहिमानचाचा आणि त्यांची मुलगी रुक्सार स्कूटीवरून आले. दोघांच्या मध्ये चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

चाचा बाजारपेठेच्या मागं ट्रंका करतात. ह्या भागातला जो पोरगा भरती झाला, तो चाचांची काळी ट्रंक घेऊनच गाडीत बसला. मीसुद्धा. आता पोरं चाकाच्या बॅगा नेतात. लग्नातली दोन-चार कपाटं सोडली तर चाचांच्या कारखान्यात पत्र्याला हात लागत नाही. ह्या उन्हाळ्यात काही जमलं नाही तर पत्रा वाकवायचं मशीन विकायचं, असं त्यांनी ठरवलंय, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

चादर सोडली तर आत कॉम्प्युटरचं कॅबिनेट. सगळे पार्ट ज्यात बसतात तो डबा. रुक्सारचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. डिझाइन तिचं, पत्रा चाचांचा.

"कृष्णात," चाचा म्हणाले, "सांगलीच्या विश्वजितला दावला. तो म्हनतो, कृष्णातरावांनी ओके दिला तर कालिजं सुरू व्हायच्या आत शंभर नग उचलतो. तू बघ जरा."

विश्वजितचं सांगलीत पार्टचं मोठं दुकान आहे. मी त्याच्याकडूनच माल भरतो. गेल्या साली त्यानं दिलेले निम्मे पॉवर सप्लाय मी एकेकावर कारण लिहून परत पाठवले होते, आणि सगळी कारणं खरी निघाली. तेव्हापासून माझ्या शब्दावर तो डोळे झाकून चालतो.

मी म्हणालो, "चाचा, घरचा म्हणून सोडणार न्हाई बरं का."

"सोडू नगंस. म्हनून तर तुज्याकडं आनलाय."

जेवताना अंजना म्हणाली, आज भाजीला नाव ठेवलं नाही तुम्ही. मी म्हणालो, लक्षात आलं नाही.

१८ एप्रिल

दोन दिवस नुसता डबाच बघतोय. फौजेत सामान तपासायचो तसा. आधी लांबून, मग जवळून, मग हाताने.

समोरची जाळी फर्स्टक्लास. जुन्या स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटाचा पत्रा वापरलाय, हवा भरपूर आत येते. पाय भक्कम. मागच्या बाजूला वायरी लपवायला जागा कमी, बोट जेमतेम जातं. बाजूचा दरवाजा नुसता पत्र्याचा. आजकालच्या पोरांना काच पाहिजे, आत रंगीत लाइट दिसले पाहिजेत. चाचांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "आतलं काय बगायचं असतंय? पेटीला काच लावत्यात व्हय?" मग मागून रुक्सारचा आवाज, "काका, ॲक्रिलिकचा दरवाजा करते मी. अब्बांकडं लक्ष देऊ नका."

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच स्वस्त डब्यात पाहिली नाही. आतली एकही कड उघडी नाही. ह्या किमतीच्या डब्यात हात घातला की बोट कापलंच म्हणून समजायचं, माझ्या हातावर त्याच्या खुणा आहेत. चाचांनी प्रत्येक कड आत तार घालून गोल दुमडलीय, ट्रंकेची दुमडतात तशी. डोळे मिटून सगळीकडून तळवा फिरवला. काही लागलं नाही.

हे त्यांना सांगितलं नाही. इन्स्पेक्शन पूर्ण व्हायच्या आधी कौतुक करायचं नसतं.

२१ एप्रिल

विश्वजितचा फोन. "कृष्णातराव, बाकी सगळं ठीक, पण पोरं पहिला प्रश्न काय विचारतात? वॉटर कूलिंग बसतं का. ते बसलं पाहिजे. वरच्या बाजूला दोनशे चाळीस मिलिमीटरचा रेडिएटर आणि समोर तीनशे साठचा. ते झालं की ओके द्या, मी ॲडव्हान्स पाठवतो."

अंजनाने विचारलं, कॉम्प्युटरला पाणी कशाला? तिला सांगितलं की ट्रॅक्टरला असतं तसंच. प्रोसेसर तापतो, त्याची उष्णता पाणी घेऊन जातं, नळीतून रेडिएटरला, तिथं पंखे ते गार करतात आणि परत फिरवतात. ती म्हणाली, मग तुमच्या डोक्यावर एक बसवून घ्या. स्वतःच हसली. मीही हसलो असतो, पण तेव्हा माप घेत होतो.

समोरचा रेडिएटर मापात बसतोय. वरचा मात्र कटकटीचा. जिथं तो बसवायचा त्या वरच्या पत्र्यातल्या खिडकीलाही चाचांनी तार घालून कड दुमडलीय. त्यामुळं रेडिएटर पत्र्याला चिकटत नाही, गोल कडेवर टेकून जरा खाली राहतो. आणि त्याच्या खोक्यात येणारे आखूड स्क्रू तिथवर पोचत नाहीत. ट्रंकेवाल्याशिवाय ही चूक जगात कुणी करणार नाही. कॅबिनेट करणारा माणूस तिथं कड दुमडायचा विचारच करत नाही.

रविवारी सगळं जोडून बघायचं. माझ्या स्वतःच्या मशीनचे पार्ट काढून ह्यात बसवणार. रुक्सारला बोलावलंय.

२६ एप्रिल, रविवार

आज सगळं जोडलं. मन थाऱ्यावर नाही. का, ते कळत नाही, काम तर झालं.

रुक्सार दहाला आली. अंजनाही घरी, चहा घेऊन तिथंच स्टुलावर बसली. मदरबोर्ड बसवला, स्क्रू आवळायला घेतले, तेवढ्यात रुक्सार म्हणाली, "काका, हितली एक खुंटी राहिली का?" बोर्डाखाली पितळेच्या छोट्या खुंट्या लावायच्या असतात, बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून. एक राहिली होती. शिकाऊ पोरं करतात ती चूक. मी म्हणालो, बघत होतो तुझ्या लक्षात येतंय का. अंजना खाली बघून हसली. ते मला दिसलं.

पोरगी हुशार आहे. जरा जास्तच.

मग तिला म्हणालो, तू जा आता, रेडिएटर मी बसवतो, दोन माणसांची गर्दी होते. ती थांबते म्हणाली, मी नको म्हणालो. खोक्यातले स्क्रू आखूडच पडत होते. माझ्या स्क्रूच्या डब्यातून लांब काढले आणि लावले. एक जरा जड जात होता, पण मी जोर दिल्यावर गेला. मी आवळलेलं ढिलं पडत नाही, हे युनिटमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

चालू केलं. तापमान उत्तम. उद्या दिवसभर लोड देऊन, म्हणजे जड काम लावून, चालवणार.

२७ एप्रिल

फेल.

दुपारी दोनच्या सुमाराला मशीन बंद पडलं. दरवाजा काढला तर वरून थेंब थेंब पाणी, थेट ग्राफिक कार्डावर. कार्ड गेलं. माझं स्वतःचं कार्ड, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेलं.

लगेच विश्वजितला फोन लावला. सांगितलं, वॉटर कूलिंग ह्या डब्यात बसत नाही, पाणी गळलं, कार्ड गेलं, माझ्याकडून फेल. तो म्हणाला, "बरं झालं आधीच कळलं. शंभर गिऱ्हाईकांचं पाणी गळलं असतं तर माझं दुकान गेलं असतं. थँक्यू साहेब." साहेब म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चाचांना सांगायचं राहिलं. उद्या सांगतो.

२९ एप्रिल

काल जाणार होतो, पण काल दुकानात बसून राहिलो. आज चाचाच आले. विश्वजितने फोनवर त्यांना ऑर्डर रद्द म्हणून सांगितलंय.

पायरीवर उभेच राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, "मला तू का न्हाई सांगितलंस? हितनं पेठेत यायला किती लागतंय?" मी म्हणालो, येणारच होतो. मग डबा दाखवला, पाण्याचे डाग दाखवले, कडेमुळं रेडिएटर नीट बसत नाही हे समजावलं. ते ऐकत होते. मध्ये एकदा बोट त्या खिडकीच्या कडेवरून फिरवलं.

"म्हंजी कड काडावी लागंल."

"काडावी लागंल."

"उगडी कड आजवर कारखान्यातनं बाहीर गेली न्हाई, कृष्णात. माज्या बापाच्या येळंपासनं."

रेडिएटर काय बापाची वेळ बघून बसतो का. पण हे मी बोललो नाही. विश्वजितला मी सांगितलं की मे महिन्याच्या मध्यात दुसरा नमुना येईल, तोवर दुसरीकडं ऑर्डर देऊ नका. त्यानं मान्य केलं. चाचांसाठी एवढं तरी केलं.

२ मे

रेडिएटर कंपनीला परत पाठवायचा म्हणून आज खोलला. पाणी कुठून गळलं ते लिहून द्यावं लागतं. तिसऱ्या स्क्रूच्या बरोब्बर खाली पाण्याच्या पन्हळीला बारीक भोक. गोल.

कंपन्यांचा माल आजकाल हलकाच येतो. पत्रा पातळ असतो.

गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगतो की खोक्यातलेच स्क्रू वापरा, लांब स्क्रू आत जाऊन पाण्याची पन्हळ फोडतो. दुकानात तसा कागदही चिकटवलाय. मीच प्रिंट काढली होती. पण इथं परिस्थिती वेगळी होती. कडेमुळं आखूड स्क्रू पोचतच नव्हते. मग कड नसती तर लांब स्क्रू लागलाच नसता. म्हणजे मूळ कारण कडच.

परत नाही पाठवला. माळ्यावर टाकला.

४ मे

अंजनाने विचारलं, "तो स्क्रू आपल्या डब्यातला होता ना हो?"

मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली, घासलेलीच.

ओरडायचं ते इथं लिहायचं ठरलं होतं.

७ मे

राहवेना म्हणून कारखान्यात गेलो. नुसतं बघून यायचं म्हणून.

चाचा कात्रीनं कड कापत होते. तार ओढून काढायची, गोल भाग कापायचा, राहिलेली धार कानशीने घासायची. घासून किती घासणार, एवढ्या पातळ पत्र्याला धार राहतेच. रुक्सारच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. मला बघून चाचा थांबले नाहीत.

"तुमी म्हनला तसं केलं, साहेब."

तुमी. मी अकरा-बारा वर्षांचा असल्यापासून चाचा मला अरे-तुरे करतात. माझ्या बापाच्या मयतीला त्यांनी मला पोटाशी धरलं होतं. आणि आज साहेब. रुक्सारने माझ्याकडं बघितलं आणि परत कामाला लागली. ती म्हणाली, "काका, चूक आमचीच हाय. कड जाड झाली म्हणून तुम्हाला दुसरे स्क्रू लावावे लागले ना."

तिनं हे कुठल्या अर्थानं म्हटलं, वाटभर तेच डोक्यात. टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पाच मिनिटं उभा राहिलो. कुणी बस म्हणालं नाही. स्टूल रिकामं होतं.

१० मे

काही केलं नाही. दुकानात एक जण प्रिंटरची शाई विचारायला आला, त्याच्याशी भांडलो. दुपारी स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. अंजना सकाळपासून जेवढ्यास तेवढं बोलतेय.

१३ मे

दुसरा नमुना आला. रुक्सार एकटीच घेऊन आली.

नियमाप्रमाणे तपासला. ॲक्रिलिकचा दरवाजा छान बसलाय. मागं वायरींना जागा वाढवलीय, मी न सांगता. वरच्या खिडकीला कड नाही, रेडिएटरचं माप ठेवून बघितलं, पत्र्याला अगदी चिकटून, खोक्यातले आखूड स्क्रू आरामात पोचतात. ह्यात एकही दोष नाही. मग सवयीप्रमाणे डोळे मिटून आतून तळवा फिरवला.

चांगलाच कापला. रक्त पुसायला रुक्सारने तिची ओढणी पुढं केली, मी नको म्हणालो. ती म्हणाली, "राहू द्या काका, सगळ्यांच्याच डब्यांना असतं. विश्वजितदादा पण म्हणाले, गिऱ्हाईक त्याचा विचार करत न्हाई. तुम्ही ओके दिला की परवापासून काम सुरू." मग म्हणाली, "अब्बा मात्र ह्याच्यावर शिक्का मारणार न्हाईत. आमच्या प्रत्येक पेटीवर आत चांदतारा आणि नाव असतं ना. ह्या डब्यावर नको म्हणाले."

ती गेल्यावर मी विश्वजितला ओके सांगायला फोन उचलला. कोरेगावचं हवामान, सांगलीचं हवामान, आंब्याचा भाव, एवढं बोलून ठेवून दिला. तो म्हणाला, काय साहेब, तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, उद्या करतो.

१४ मे

दोन्ही डबे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेत. जुना आणि नवा. पहिला जास्त चांगला आहे. कुणीही सांगेल. त्याला फक्त मधल्या मापाचे स्क्रू आणि एकेक वायसर पाहिजे होता. डबाभर स्क्रू माझ्या पायाशी होते आणि त्या रविवारी मी मधल्या मापाचे शोधले नाहीत. रुक्सारने खुंटी दाखवली म्हणून माझं डोकं फिरलं होतं, मी हाताला लागले ते घेतले आणि जोर केला.

लिहिलं एकदाचं.

आता कुणाला सांगायचं? सांगितलं तर विश्वजितपुढं माझी काय राहील? ह्या गावात मला कुणी सलाम करत नाही, त्याची सवय झालीय. पण सांगलीला एक माणूस माझ्या शब्दावर माल उचलतो, एवढं एक उरलंय. तेही गेलं तर मी सकाळी उठून करायचं काय?

आणि नाही सांगितलं तर चाचांची ऑर्डर होतेच आहे. कुणाचं काही बिघडत नाही. शंभर डबे जातील, चाचांचं पत्र्याचं मशीन वाचेल. फक्त चाचा त्यावर नाव घालणार नाहीत.

अंजनाला म्हणालो, तुझं बरोबर होतं. कशाबद्दल, तिनं विचारलं. स्क्रू आपल्याच डब्यातला होता. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझी कुठली ऑर्डर हाय?"

१६ मे

सांगलीला जाऊन आलो. सकाळची गाडी पकडली, दोन्ही डबे दोन पोत्यांत. रहिमतपूरला एक म्हातारा चढला, म्हणाला, पोत्यात काय, कोंबड्या का? मी म्हणालो, व्हय. पुढं कराडपर्यंत तो पोत्यांकडं कान लावून बसला होता.

विश्वजितचं दुकान भरलेलं. मी म्हणालो, एक रेडिएटर काढा, पैसे माझ्या खात्यावर लावा. गिऱ्हाइकांसमोरच चाचांचा पहिला डबा काढला, मधल्या मापाचे स्क्रू, वायसर, हलक्या हाताने आवळून रेडिएटर बसवला. त्याच्याच दुकानातला बोर्ड लावून तीन तास फुल लोडवर चालवला. खाली पांढरा कागद अंथरला होता. कागद कोरडा.

मग त्याला बाजूला घेऊन सांगितलं. पाणी डब्यामुळं गळलं नव्हतं. मी लांब स्क्रू लावला, पन्हळ फोडली, आणि दोष चाचांवर टाकला. गेले पंधरा दिवस मला माहीत होतं. दुसरा डबा दाखवला, त्यात हात घाला म्हणालो. त्यानं घातला आणि लगेच काढून घेतला.

डब्याच्या मर्यादाही सांगितल्या. कड ठेवली तर वरचा रेडिएटर जरा खाली येतो, त्यामुळं उंच रॅम बसणार नाही, साधी बसेल. सोबत मधल्या स्क्रूची पुडी द्यावी लागेल. समोर तीनशे साठला काही अडचण नाही. जे खरं आहे ते सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "पहिलाच घेतो. शंभर. स्क्रूची पुडी मी घालतो." आणि मग जरा वेळाने, काउंटरवरची धूळ बोटाने पुसत, "राग नका मानू कृष्णातराव, पण तुमच्या फोनवर मी न बघता माल परत करत होतो. ह्यापुढं माझा माणूस बघेल. तुम्ही तुमच्या दुकानापुरतं बघा."

मी म्हणालो, बरोबर आहे. चहा आला होता तो पिऊन निघालो. मिरजेहून येणारी गाडी उशिरा होती, सांगली स्टेशनवर बसून राहिलो. वाईट वाटत होतं, लय वाईट वाटत होतं. पण नेहमीसारखा बसल्याजागी पाय हलवत नव्हतो, हे नंतर लक्षात आलं.

१७ मे

चाचांच्या घरी गेलो. ऑर्डरचं विश्वजितने कळवलं होतं, बाकीचं मी सांगणं बाकी होतं. साबेराचाचींनी पाणी दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, जसं विश्वजितला सांगितलं तसंच. रुक्सार खाली बघत होती. तिला आधीच कळलेलं असणार, रेडिएटर उघडायच्या आधीच.

चाचा बोलले ते मोठ्याने नाही.

"पंद्रा दिस. मी कात्री लावली तवा तुमी तितं हुबं व्हता. तुमाला म्हाईत व्हतं, आन तुमी बगत हुबं व्हता."

"व्हय."

"चूक झाली त्याचं काय न्हाई. माज्या हातनं किती पेट्या वाकड्या झाल्या. पर तुमी माजी कड कापताना बगितली." मग चाचींना म्हणाले, "ह्यांना आत नगं बसवू. कामाला जायचंय त्यांना."

मला कुठलं काम. निघालो.

१९ मे

काल-आज घरातच. अंजनाला डायरी उघडी दिसली तरी तिनं वाचली नाही, मिटून ठेवली. आज जेवताना म्हणाली, "शंभर डबे म्हंजे दोघांच्यानं हुतंय का ते? रुक्सारला दरवाज्याचं ॲक्रिलिक आणायला सांगलीला जावं लागंल. चाचांचं वय काय आता." बोलून भाकरी वाढली आणि गेली.

२० मे

आज कारखान्यात गेलो.

रुक्सार सांगलीला गेली होती. चाचा एकटेच, लांब पत्रा मशीनवर घेऊन, एक टोक खाली टेकत होतं. एकट्याने तो पत्रा सरळ धरता येत नाही. मी दारात उभा. त्यांनी बघितलं.

"माजा राग गेल्याला न्हाई," चाचा म्हणाले. "जाईल का, म्हाईत न्हाई."

"व्हय चाचा."

"मग दारात हुबं राहून उजेड कशाला आडवतोस? तिकडनं धर."

धरला. ते तार ठेवत होते, पत्रा गुंडाळत होते, लाकडी हातोड्यानं ठोकत होते, मग पुढं सरकत होते. मीही सरकत होतो. "हलवू नगंस," एवढंच मधनंमधनं. पाणी प्यायला एकदा थांबले, ग्लास मला आधी दिला की नंतर, आठवत नाही. दुपारी जेवायला घरी गेले, मला चल म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. मी तिथंच बसून अंजनाने दिलेली भाकरी खाल्ली.

चारच्या सुमाराला एका डब्याच्या खिडकीला, कोपऱ्यात, कड थोडी उंच राहिली. मला लगेच दिसली. तोंडावर आलं होतं. पत्रा घट्ट धरला आणि गप्प राहिलो. चाचांनी डबा उजेडाकडं फिरवला, डोळे बारीक करून बघितलं, आणि तो कोपरा परत ठोकायला घेतला.